न हलणारा दांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या सुट्टीत दोन मुलांना वाहतुकीच्या संग्रहालयात न्यायचंय, जिथे गाड्यांत चढता येतं, दांडे ओढता येतात, चाकं फिरवता येतात अशा. धाकटा ४ वर्षांचा, थोरली ९ वर्षांची. मागच्या सुट्टीत गेले होते तेव्हा धाकटा एका जुन्या बसच्या स्टिअरिंगला जो चिकटला तो हलेचना, थोरली कंटाळली, गाडी चालवल्याचा भास देणाऱ्या सिम्युलेटरच्या रांगेत पाऊण तास गेला आणि निम्मं संग्रहालय बघायचंच राहिलं. या वेळी सगळं नीट बघून व्हावं आणि मुलांनी काहीतरी शिकून यावं, तर काय करावं?

अशाच एका संग्रहालयात मी सोळा वर्षं मुलांबरोबर काम केलंय. सुट्ट्यांची गर्दी म्हणजे आमचा हंगाम. त्या अनुभवावर सांगते, थोडं टोचेल: सगळं बघून होणार नाही, आणि व्हायलाही नको. मागची फेरी फसली असं तुम्हाला वाटतंय, पण तुम्ही सांगितलेल्या चार गोष्टींपैकी खरी फसलेली एकच, ती रांग. धाकट्याचं स्टिअरिंग हा तर त्या दिवसातला सगळ्यात चांगला भाग होता.

आमच्याकडे रेल्वेच्या जुन्या सिग्नल केबिनमधले दांडे मांडून ठेवले होते, सिग्नल आणि रूळ दुरून हलवणारे. एका ओळीत आठ, माणसाच्या कमरेच्या वर येणारे, लोखंडी. मुलं धावत यायची आणि समोर येईल तो दांडा ओढायची. काही ओढले जायचे, काही जागचे हलायचे नाहीत. मग मागून आई किंवा बाबांचा आवाज यायचा, "बिघडलाय वाटतं, चल पुढे." दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी मी हे ऐकलं असेल.

तो दांडा बिघडलेला नव्हता. न हलणं हेच त्याचं काम. रुळांचा सांधा, म्हणजे गाडी एका वाटेवरून दुसरीवर वळते ती जागा, ज्या बाजूला वळवलेला असेल त्याच वाटेचा सिग्नल देता आला पाहिजे, आणि समोरून दुसऱ्या गाडीला वाट दिलेली असेल तर तो मुळीच देता येता कामा नये. ही काळजी माणसाच्या आठवणीवर सोडली तर कधी ना कधी घोटाळा होतोच. म्हणून दांड्यांच्या खाली लोखंडी पट्ट्या आणि खाचा अशा बसवतात की एक दांडा दुसऱ्याला अडवून धरतो. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये सांधे आणि सिग्नल असे एकमेकांत अडकवण्याचं पेटंट घेतलं. आज संगणक तेच काम करतो, पण त्याच्या पोटात काय चाललंय ते मुलाला दिसत नाही. लोखंडी दांड्यात ते हाताला जाणवतं.

एकदा दहाएक वर्षांची एक मुलगी त्या न हलणाऱ्या दांड्यापाशी अडून बसली. पुढे जाईना. आधी दोन्ही हातांनी ओढला, मग पाय टेकवून ओढला. मग थांबली आणि बाकीचे दांडे एकेक करून बघायला लागली. तिसरा ओढला की पाचवा सुटतो, पण मग दुसरा अडकतो. दुसरा परत लावला तर तिसरा... पंचवीसेक मिनिटं हे चाललं होतं. तिचे वडील दोनदा घड्याळाकडे बघून गेले. शेवटी योग्य क्रम सापडला, पाचवा दांडा खाडकन खाली आला आणि भिंतीवरच्या सिग्नलचा हात झुकला. ती वडिलांकडे वळून म्हणाली, "हा मला चूक करूच देत नाहीये!" मला पाटीवर जे लिहायला चार ओळी लागल्या असत्या ते तिने एका वाक्यात सांगितलं. मी तोंड मिटून उभी होते, एवढंच माझं योगदान. आणि तेही सहज जमलं नव्हतं, कारण पहिली दोन-तीन वर्षं मी सगळ्यांना सगळं समजावून सांगणारी होते.

तर मुद्दा हा. मूल एखाद्या गोष्टीपाशी अडलं की त्याला पुढे ओढायचं नाही. पाच दालनं बघून बाहेर पडलेलं मूल आणि एका दांड्यापाशी अर्धा तास घालवलेलं मूल, दोघांना महिन्याने विचारून बघा.

आता धाकटा. चार वर्षांच्या मुलाला बस कशी चालते याच्याशी घेणंदेणं नसतं. त्याला ड्रायव्हर व्हायचं असतं. घरी, शाळेत, रस्त्यावर त्याला कुठे न्यायचं हे मोठी माणसं ठरवतात. इथे पहिल्यांदाच ते त्याच्या हातात आलेलं असतं. मग तो कसा हलेल? तुम्ही प्रवासी व्हा. तिकीट मागा, पुढचा थांबा विचारा, उतरायचंय म्हणून घंटी मारा. या वयाच्या मुलांसाठी मोठ्या संग्रहालयांनी मुद्दाम वेगळी जागा केलेली असते. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या वाहतूक संग्रहालयात ७ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्वतंत्र खेळण्याचा विभाग आहे. अशी जागा असेल तर धाकट्याचा मुक्काम तिथे, आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. फक्त एक बघा, त्याचा हात आणि पाय कुठवर पोचतो. दांडा उंच असेल तर पायाखाली घ्यायला पाट किंवा पायरी जवळपास ठेवलेली असते. नसेल तर कर्मचाऱ्याला विचारा, बहुतेक वेळा ती कुणीतरी बाजूला सरकवलेली असते.

थोरलीचा प्रश्न वेगळा आहे. ती कंटाळली, कारण ती धाकट्याच्या वेगाने फिरत होती. दोन मोठी माणसं असतील तर एकेकाने एकेक मूल घ्यायचं आणि तासाभराने अदलाबदल करायची. एकच मोठं माणूस असेल तर तिला एक धागा द्या. प्रश्नपत्रिका देऊ नका. संग्रहालयाच्या दारात मिळणारे ते रिकाम्या जागा भरायचे कागद मी स्वतः तयार केलेत, त्यामुळे अधिकाराने सांगते: मुलं गाडीकडे बघत नाहीत, पाटीकडे धावतात, साल टिपतात आणि पुढच्या पाटीकडे पळतात. कागद भरला की संग्रहालय संपलं.

माझा आवडता धागा म्हणजे थांबणं. वाहनं म्हटली की सगळे चालण्याबद्दल बोलतात. तिला म्हणा, आज आपण फक्त एवढंच शोधायचं की प्रत्येक गाडी थांबते कशी, आणि थांबवणारी वस्तूच मोडली तर काय होतं.

सायकलपासून सुरुवात होते, तिथे सगळं उघड्यावर असतं. मग आगगाडी. लोखंडी चाक लोखंडी रुळाला टेकतं तो भाग एखाद्या छोट्या नाण्याएवढा असतो. म्हणून तर एवढी जड गाडी कमी ताकदीत पळते आणि म्हणूनच ती चटकन थांबत नाही. वेगातल्या लांब गाडीला थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. नऊ वर्षांच्या मुलीला इथे आपसूक प्रश्न पडतो: मग शेवटच्या डब्याचा ब्रेक कोण दाबतं? पूर्वी खरोखरच डब्याडब्यावर माणसं असायची, इंजिनाची शिट्टी ऐकून हाताने ब्रेक आवळणारी. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये हवेच्या दाबाचा ब्रेक काढला. पण त्या पहिल्या ब्रेकमध्ये एक खोट होती. हवेची नळी फुटली की ब्रेकच गायब. काही वर्षांतच त्यांनी सगळी मांडणी उलटी केली. नळीत दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले, दाब गेला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक आवळते. डबे तुटून वेगळे झाले तरी दोन्ही तुकडे आपापले थांबतात. संग्रहालयात डब्यांच्या टोकाला लोंबणाऱ्या जाड रबरी नळ्या असतात, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्या तिला दाखवा.

मग सिम्युलेटरवर किंवा जुन्या विजेच्या गाडीत ड्रायव्हरचा तो दाबून धरायचा दांडा बघा. हात सुटला, ड्रायव्हर बेशुद्ध पडला, की वीज बंद आणि ब्रेक चालू. सिग्नलचा लाकडी हातही तसाच, तार तुटली तर त्याने आडवं व्हायचं म्हणजे 'थांबा' सांगायचं. काही बिघडलं की आपोआप थांबायचं, तीन-चार ठिकाणी हीच गोष्ट सापडली की तुमची मुलगी तुम्हाला सांगायला लागेल. तुम्ही आधी सांगू नका, एवढी कृपा करा.

दुसरा धागा हवा असेल तर सायकलचा घ्या, तो हिशेबाचा आहे. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल फोन ड्राइस यांनी लाकडी दुचाकी केली, तिला पेडल नव्हतंच, पायाने जमीन ढकलत जायचं. तुमच्या धाकट्याच्या वयाची मुलं बिनपेडलची सायकल चालवतात ती हीच. पुढे पेडल आलं ते थेट पुढच्या चाकाला. साखळी नाही, त्यामुळे पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एकच फेरा. वेग हवा तर चाक मोठं करा! त्यातून ती माणसाच्या खांद्याला येणारी उंच चाकाची सायकल जन्मली. चाक दीड मीटरचं असेल तर एका फेऱ्यात साधारण ४.७ मीटर अंतर जातं. त्याहून मोठं चाक करायचं तर माणसाचे पाय पुरत नाहीत. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' आली, दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला साखळी. पेडलपाशी असलेले पुढचे दाते मागच्या दात्यांच्या तिप्पट असले की पेडलच्या एका फेऱ्यात छोटं चाकही तीन फेरे फिरतं. हे नऊ वर्षांच्या मुलीला दाते मोजून कळतं. मोजू द्या, मागे रांग असली तरी.

आता एक कसोटी, कुठे थांबावं आणि कुठून पुढे सटकावं यासाठी. मुलाने काहीतरी वेगळं केलं तर काही वेगळं घडतं का? घडत असेल तर तिथे थांबा. बटण दाबलं की दिवा लागतो, चाक फिरतं, आवाज येतो, आणि हजार वेळा दाबलं तरी तेच होतं, ते हाताळणं नव्हे. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९३१ मध्ये मुलांसाठी बटणं आणि दांड्यांचं दालन उघडलं, तेव्हा तेही नवलाचं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी एक्स्प्लोरेटोरियम सुरू केलं तेव्हा बघणाऱ्याने स्वतः प्रयोग करावा, चुकावं, पुन्हा करावं हा विचार मध्यावर आला. तुम्ही जाल तिथे दोन्ही प्रकार असतील. पडदे तर असतीलच. पडदे घरी आहेत, ते सोडून द्या.

वाफेच्या इंजिनापाशी मात्र वेळ ठेवा, विशेषतः उभं कापून ठेवलेलं इंजिन असेल तर. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 'एलरमन लाइन्स' नावाचं पूर्ण आकाराचं इंजिन असं कापलेलं आहे, पोटातल्या नळ्या, भट्टी, दट्ट्या (पिस्टन) सगळं उघडं. बऱ्याच ठिकाणी छोटा नमुना असतो, तोही चालतो. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबाला सुमारे १,७०० लिटर जागा मागते; तिला तेवढी जागा दिली नाही की ती दट्ट्या ढकलते. एवढं पुरे. मग मुलांना विचारा, पुढे-मागे जाणारं हे नेमकं कुठे गोल फिरायला लागतं? बोट ठेवून दाखव. उत्तर शोधायला त्यांना वाकावं लागतं. तुम्हीही गुडघ्यावर बसा, कारण आपल्या उंचीवरून बॉयलर दिसतो आणि त्यांच्या उंचीवरून चाक दिसतं. दोघं दोन वेगळ्या संग्रहालयांत फिरत असतात.

यॉर्कलाच 'मॅलार्ड' आहे. जुलै १९३८ मध्ये तिने ताशी २०३ किलोमीटरचा वेग गाठला, वाफेच्या इंजिनांचा विक्रम. तिची मोठी चाकं २ मीटरहून किंचित उंच आहेत. पण मुलांचे डोळे चमकतात ते पुढच्या गोष्टीने: त्या विक्रमी धावेतच तिचं एक बेअरिंग तापून खराब झालं आणि पुढचा प्रवास तिला करता आला नाही. "म्हणजे जिंकली आणि मोडली?" हो, दोन्ही. विक्रमाचे आकडे मुलं विसरतात, मोडलेलं बेअरिंग विसरत नाहीत.

विमानाच्या पंखापाशी जरा सावध. वरच्या बाजूने हवेला लांबून जावं लागतं, खालच्या हवेला गाठायला ती वेगाने धावते आणि म्हणून विमान उचललं जातं, असं अजून कित्येक पाट्यांवर आणि पुस्तकांत असतं. हवेचे दोन भाग पलीकडे एकाच वेळी पोचले पाहिजेत असा कुठलाही नियम नाही, आणि तसं असतं तर उलटं उडणारं विमान पडलंच असतं. पंख हवेला खाली ढकलतो आणि हवा पंखाला वर, एवढंच सांगा. पंख्यापुढे हाताचा तळवा किंचित तिरपा धरला की ते कळतं.

तुम्हाला एखादी गोष्ट येत नसेल तर पाटी वाचून गडबडीने अर्थ लावू नका. तिथे उभ्या असलेल्या माणसाला विचारा. अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून येणाऱ्यांत निवृत्त ड्रायव्हर, गार्ड, कारखान्यातले फिटर असतात. त्यांना 'हे कसं चालतं' विचारलंत तर ठरलेलं भाषण मिळेल. 'तुमच्या हातून कधी फसलं होतं का' असं मुलीला विचारायला सांगा. मग बघा.

रांगेबद्दल. सुट्टीत सिम्युलेटरची रांग दार उघडल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात तयार होते आणि दुपारपर्यंत ओसरत नाही. म्हणजे दोनच वेळा खऱ्या: दार उघडताच तिकडे जाणं, किंवा शेवटचा दीड तास. मधली वेळ मोठ्या गाड्यांसाठी, कारण पन्नास माणसं आली तरी इंजिन दिसतंच. पाऊस पडत असेल तर त्या दिवशी जाऊ नका, सगळे तेव्हाच येतात. चालत्या यंत्राची प्रात्यक्षिकं किती वाजता आहेत ते आदल्या दिवशी बघून ठेवा. जपानमधल्या सैतामाच्या रेल्वे संग्रहालयात खरं वाफेचं इंजिन टर्नटेबलवर गोल फिरवतात आणि शिट्टी वाजवतात. अशा गोष्टी दिवसातून ठरावीक वेळीच होतात आणि चुकल्या की मुलांपेक्षा मोठीच हळहळतात.

ती शिट्टी मात्र प्रचंड मोठी असते. आवाजाला बिचकणारं मूल असेल तर आधी सांगा, कान झाकायचं साधन न्या, लांब उभे राहा. बऱ्याच संग्रहालयांत गर्दी आणि आवाज कमी ठेवलेल्या खास वेळा असतात, त्या कुणीही विचारू शकतं.

पोचल्यावर भेटायची एक जागा ठरवा, आणि ती हलणारी नसावी. आमच्याकडे एका कुटुंबाने 'लाल ट्रामजवळ' ठरवलं होतं आणि ती ट्राम दर तासाला फेरी मारायची. धाकट्याच्या मनगटावर फोन नंबर लिहा. बाकी भूक, तहान, स्वच्छतागृह हे तुम्हाला सांगायला नको.

निघताना 'चला, उशीर झाला' म्हणून ओढून नेऊ नका. 'आणखी तीन वेळा' म्हणा आणि मोजायला त्यालाच लावा. दोन ते अडीच तासांत मुलांचं लक्ष संपतं, आपलं त्याआधीच. वाटेत 'काय शिकलात?' विचारलंत तर 'काही नाही' ऐकाल. 'सगळ्यात जड दांडा कुठला होता?' किंवा 'कुठली गाडी तुला बिघडवता आली असती?' असं विचारा.

घरी करायला एक सोपी गोष्ट देते. कागदाचे दोन पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा, म्हणजे मधोमध फुगीर होईल. दोन काठ्या समांतर ठेवून, एक बाजू जरा उचलून, त्यावरून ते घरंगळू द्या. थोडे तिरपे सोडले तरी आपोआप मध्यावर येतात. मग दुसरे दोन पेले बुडाला बूड लावून चिकटवा. ते रुळावरून उतरतात. आगगाडीची चाकं अशीच किंचित उतरती घडवलेली असतात, आतल्या बाजूला मोठी. गाडी डावीकडे सरकली की डावं चाक त्याच्या मोठ्या घेरावर चालतं, एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि गाडी उजवीकडे परतते. चाकाची ती आतली उंच कड शेवटच्या बचावासाठी असते. एरवी सरळ वाटेवर गाडीला सांभाळतो तो हा उतार. थोरलीला हे आधी घरी करू द्या आणि मग संग्रहालयात खऱ्या चाकाचा उतार हाताने चाचपायला सांगा. किंवा उलट क्रमाने. मला उलट क्रम आवडतो, पण तुमच्या मुलीला तुम्ही जास्त ओळखता.

आणि धाकटा पुन्हा त्याच बसला चिकटला, तर मागच्या सीटवर जाऊन बसा. तिकीट आधीच घेऊन ठेवा, तो मागणार आहे.